बारा व्होल्टची ओळ

कार्ड आलं वासनिकच्या मावसभावाकडून,
वर्षभर वापरलेलं, तीन पंख्यांचं,
टॉवेलात गुंडाळलेलं, भरल्या डब्यासारखं जड.
मी पाठकोऱ्या बिलावर बेरीज मांडली :
कार्ड दोनशे पंच्याऐंशी, प्रोसेसर एकशे पाच,
पंखे, डिस्क, बाकी चिल्लर साठ.
साडेचारशे.
आणि जुन्या एसएमपीएसवरही छापलेलं, साडेचारशे.
म्हटलं, बाबा, तंतोतंत बसतंय.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला.
एकतीस वर्षं कोराडीत, कंट्रोल रूममध्ये,
रात्रपाळीच्या सुया राखत बसलेला माणूस.
"तंतोतंत बसते ते ब्लाऊज," म्हणाले,
"तेही जेवणाआधी."

मग उठून कूलर लावायला गेले.
मे महिना, दुपारचे तीन, बाहेर शेहेचाळीस,
वाळ्याच्या ताट्या वाळून कडकडीत.
बटण दाबलं आणि ट्यूबलाइट
क्षणभर डोळा मिचकावून गेली.
"पाहिलं? मोटर उठताना चौपट ओढते.
एकदाच. मग शहाण्यासारखी फिरते.
तुझं कार्ड तर सेकंदात दहादा उठून-बसून राहिलं.
त्या उठण्याचा हिशोब कुठं लिहिला तू?"

नव्हता लिहिला.

सीताबर्डीला, बांतेंच्या दुकानात,
साडेसातशेचा डबा पंधराशेला होता.
आकड्यातून लाल ज्वाळा निघालेल्या.
बाबांनी तो उलटा केला,
नखानं धूळ काढली आणि बारीक अक्षरांत
बारा व्होल्टची ओळ शोधली : तीस अँपिअर.
"बारा त्रिक छत्तीस. तीनशे साठ.
बाकीचे कुठं गेले वो, बांते?"
बांते काउंटर पुसू लागले.
"काका, लोक आकडा घेऊन जातात, ओळ कोण वाचते?"

बाबांनी एका हातात तो घेतला, दुसऱ्यात साडेसहाशेचा,
सात हजारांचा, काळा, बिनज्वाळांचा.
डोळे मिटून उभे राहिले,
भाजीवालीसमोर फणस तोलावा तसे.
"याच्यात तांबं आहे. त्याच्यात हवा."
मग खोका डोळ्यांजवळ नेऊन :
"हा चाळीस डिग्रीला तपासलेला आहे म्हणतात.
तो पंचवीसला.
मे महिन्यात पंचवीस डिग्री
नागपुरात कोणाच्या घरी राहते, बांते?"

पैसे माझे होते, बेसाच्या बिल्डरनं दिलेला ॲडव्हान्स.
त्याच्या न बांधलेल्या इमारतीला
मी खिडक्या, सावल्या आणि गुलमोहर लावून द्यायचे होते.
मी सात हजार मोजले. मनात चडफडत.
स्कूटीवर खोका पायांत धरून येताना आठवलं,
घरी कधी पूर्ण पगार खर्चच झाला नाही.
पाचातला एक भाग कायम बाजूला,
दिवाळीतसुद्धा.
आम्ही त्याला चिकटपणा म्हणायचो, आईसकट.
दुकानात त्याला हेडरूम म्हणतात.

रात्री जोडणी केली.
कार्डाला दोन तोंडं. मी एकाच केबलचे दोन फाटे लावत होते,
बाबांनी न बोलता दुसरी केबल पुढे केली.
पंखे फिरले, मग थांबले.
मी घाबरले.
"थंड आहे म्हणून थांबले," ते म्हणाले,
"कामावर नसताना गप्प बसणारं यंत्र चांगलं."

अकरा वाजता रेंडर लावलं.
गुलमोहराची पानं एकेक करून उजळू लागली,
ज्या जागी आज काटेरी तार आहे फक्त.
आतल्या खोलीत कूलर उठला,
ट्यूबलाइटनं डोळा मिचकावला.
पडदा हलला नाही.

"किती घेऊन राहिलं?" अंधारातून आवाज आला.
"चारशे दहा."
"आणि खोली?"
"सदतीस."
पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज झाला,
मग डायरीचं पान.
निवृत्तीला सहा वर्षं झाली, 
तरी तारखेपुढे आधी पाळी लिहितात, मग लोड.